अकलोलीला मुक्काम करताय? आधी चांदी उतरवा
ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीकडे गरम पाण्याच्या कुंडांसाठी मुक्कामाला जाताय? खोली ठरवण्याआधी फोनवर एकच विचारा: टबात येणारं पाणी कुंडाचं की गिझरचं? नाहीतर घरच्या बादलीत काय वाईट होतं!

उतरण्याआधी पैंजण, जोडवी, चांदीची साखळी काढून ठेवा. पाण्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. माझी जोडवी एका डुबकीत तव्यासारखी झाली होती. आधी पाऊल बुडवून बघा, सोसलं तरच उतरा. दहा मिनिटं पुरे. बीपी, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. भरल्या पोटीही नको, मिसळ नंतर. बाहेर आल्यावर लगेच उठून चालू नका, भोवळ येते. काठावर बसून पाणी प्या. आणि जुनाच टॉवेल न्या, वास दोन धुण्यांत जात नाही.