रतीब झेपेल तेवढाच लावा

मी यूट्यूबवर शिलाई मशीन दुरुस्तीचे व्हिडिओ करते, 6 वर्षं झाली. नवी मंडळी पहिलं विचारतात, कॅमेरा कोणता घेऊ? मी उलट विचारते, आठवड्यातले किती तास मोकळे आहेत?

सुरुवातीला मी रोज एक व्हिडिओ टाकत होते. अडीच महिन्यांत घसा बसला, मान आखडली, मशीनकडे बघवेना. मग वहीत हिशेब मांडला: 10 मिनिटांच्या व्हिडिओला शूटिंग 3 तास, एडिटिंग 5, थंबनेल (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र) आणि शीर्षक 1. एकूण 9 तास! तेव्हापासून आठवड्याला एकच. तुम्हीही एक व्हिडिओ घड्याळ लावून करा, मगच वार ठरवा. आणि 3 व्हिडिओ तयार असल्याशिवाय पहिला टाकू नका. तापाने झोपलात तर त्या शिलकीतला जातो.

विषय असा घ्या की दोन वर्षांनीही कुणीतरी तो शोधेल. माझा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ म्हणजे 'कापडाखाली दोरा का गुंततो'. सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्यात असते. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली ठेवून दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसत नाही. या व्हिडिओचा रिटेन्शन आलेख, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत किती जण बघत राहिले ते दाखवणारा, बघून मी शरमले. पहिल्या 25 सेकंदांत मी नमस्कार-चमत्कार करत होते आणि तेवढ्यात निम्मी माणसं पळाली होती. पुढे जिथे मी फूट उचलून दोरा ओवते तिथे मात्र उंचवटा, म्हणजे लोक मागे जाऊन तेवढंच पुन्हा बघत होते. आता मी बिघाड दाखवूनच सुरुवात करते. त्या उंचवट्याचा वेगळा शॉर्टही (यूट्यूबचा छोटा उभा व्हिडिओ) केला.

आवाजाचं थोडक्यात: कॉलर माइक घ्या, खोलीत जाड पडदे लावा. चित्र जरा डावं असलं तरी लोक चालवून घेतात, घुमणारा आवाज नाही.

पैशाचं बोलू. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4000 तासांचा वॉचटाइम लागतो, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवर आपला वाटा 55 टक्के, शॉर्ट्सवर 45. पण डिसेंबरात फुगलेले जाहिरातींचे दर जानेवारीत आपटतात, त्यामुळे घरखर्च यावर टांगू नका. माझा खर्च ऑनलाइन शिकवणीवर निघतो, जाहिराती वरकड. आणि व्हिडिओ 8 मिनिटांचा झाला की मधे जाहिरात टाकता येते म्हणून 5 मिनिटांचा विषय ताणू नका, बघणाऱ्याला लगेच कळतं.

प्रायोजकांच्या मेलबाबत सावध राहा. मला 'करारपत्र' म्हणून एक फाइल आली, मी उघडली, आणि दोन-टप्पी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) असूनही चॅनल हातचं गेलं. अशा फाइली ब्राउझरमधलं चालू लॉगिनच चोरतात. परत मिळायला 9 दिवस लागले. आता मेल एका जुन्या लॅपटॉपवर बघते, त्यावर चॅनलचं लॉगिन ठेवलेलंच नाही.

कमेंटना मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा-अर्धा तास. 'ताई, माझं मशीन टाके सोडतंय' असं तिघींनी विचारलं की पुढच्या शूटिंगचा विषय वहीत चढतो.