एल्युसिसच्या गूढ दीक्षाविधीचा अर्थ आज कसा लावावा

अथेन्सपासून सुमारे २० किलोमीटरवरील एल्युसिस येथे प्राचीन ग्रीक काळात धान्याची देवी डिमीटर आणि तिची कन्या पर्सेफोनी यांच्या नावाने होणाऱ्या दीक्षाविधीचा विचार करताना, सभामंडपात नेमके काय दाखवले जाई या कोड्यात अडकू नये. ते उघड करणाऱ्यास मृत्युदंड होता आणि गुपित बहुतांशी गुपितच राहिले. त्याऐवजी दीक्षार्थी कशाकशातून जात होता ते क्रमाने पाहावे. तो डुकराचे पिल्लू घेऊन समुद्रात स्नान करी, उपवास धरी, मिरवणुकीने पायी जाई. वाटेतल्या पुलावर तोंड झाकलेले लोक भल्याभल्यांची टवाळी करीत (मला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण पदाचा ताठा उतरल्याशिवाय माणूस बदलायला तयार होत नाही).

हा क्रम मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हॅन जेनेप यांनी १९०९ मध्ये स्थित्यंतराच्या विधींसाठी मांडलेल्या विलग होणे, उंबरठ्यावर राहणे आणि पुन्हा सामावले जाणे या तीन टप्प्यांशी ताडून पाहावा. मग स्वतःच्या आयुष्यातील निवृत्तीसारखे एकच स्थित्यंतर निवडून कोणता टप्पा गाळला गेला ते शोधावे. बहुधा मधलाच गाळलेला असतो: निरोपसमारंभात शाल-श्रीफळ मिळते, पण सोमवारी सकाळी डबा भरायचा नसतो, तेव्हा आपण आता कोण, या प्रश्नासाठी कोणताही विधी नसतो. त्या काळाला मुदत ठरवून द्यावी आणि ती वाट आधी चाललेल्या कोणाला तरी सोबत घ्यावे. एल्युसिसच्या दीक्षार्थीलाही असा वाटाड्या असे. उपवास-जागरणाचा अतिरेक मात्र टाळावा, आणि दुःख अनावर झाल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.