मातीतील पाण्याची विद्युत वाहकता कशी काढावी

मातीत खोचलेला सेन्सर जी वाहकता दाखवतो ती माती, हवा आणि पाणी या सगळ्यांची मिळून असते. मुळांना जाणवणारी क्षारता मात्र कणांमधल्या पाण्याची असते, आणि ती नेहमीच या आकड्यापेक्षा बरीच जास्त भरते.

हा फरक भरून काढण्यासाठी संशोधक हिलहॉर्स्ट यांचे २००० सालचे समीकरण सोयीचे आहे. त्यासाठी एकाच जागी, एकाच वेळी तीन नोंदी घ्याव्यात: मातीची एकूण वाहकता, तिचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता दाखवणारी संख्या; मातीत पाणी जितके जास्त, तितकी ती मोठी) आणि तापमान. शुद्ध पाण्याचा स्थिरांक २० अंश सेल्सिअसला ८०.३ धरून त्यापुढील प्रत्येक अंशामागे ०.३७ वजा करावा. या संख्येला एकूण वाहकतेने गुणून, मातीच्या स्थिरांकातून ४.१ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येने भागावे.

समजा तापमान २५ अंश, मातीचा स्थिरांक २० आणि एकूण वाहकता ०.४ डेसीसीमेन्स प्रति मीटर (वाहकतेचे एकक) आहे. पाण्याचा स्थिरांक ७८.४५ येतो, त्याला ०.४ ने गुणून १५.९ ने भागल्यास उत्तर सुमारे १.९७ डेसीसीमेन्स प्रति मीटर मिळते, म्हणजे मूळ वाचनाच्या जवळजवळ पाचपट.

कोरड्या मातीत मात्र हे गणित फसते. स्थिरांक ६ असताना सेन्सरने ७ दाखवला, तर भाजक १.९ ऐवजी २.९ होतो आणि उत्तर एक-तृतीयांशाने घसरते. म्हणून पाणी दिल्यावर निचरा होऊन माती स्थिरावली की मगच वाचन घ्यावे. शिवाय ४.१ ही सरासरी किंमत असून ती मातीनुसार बदलते. अचूकता हवी असल्यास त्याच मातीतून शोषून काढलेल्या पाण्याची वाहकता मोजून ४.१ ही किंमत तिच्याशी जुळवून घ्यावी. संपृक्त लगद्याच्या अर्काशी (प्रयोगशाळेत माती पाण्याने पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याशी) या उत्तराची थेट तुलना करू नये, कारण त्यात पाणी मुद्दाम वाढवलेले असते.