ते आनाउमध्ये घर बघताय? आधी उत्तर दिशा कुठे ते विचारा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ते आनाउ तळ्याकाठी कामाला येणाऱ्या आपल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, भाडं किती?" मी उलट विचारते, घराला ऊन कुठून येतं? इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. पूर्वेचं दार, वास्तू वगैरे क्वीन्सटाउनच्या विमानतळावरच सोडून या. जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, तो उगवायलाच साडेआठ वाजतात. बैठकीची मोठी खिडकी उत्तरेला नसेल तर समोर तळं कितीही सुंदर दिसो, पुढचं घर बघा.

घर दाखवतात ते बहुधा उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात सगळीच घरं छान दिसतात. म्हणून पडदे उचलून मागची बाजू बघा, कपाटं उघडून वास घ्या. पहिल्या हिवाळ्यात मी पुण्याच्या सवयीने कपडे घरातच दोरीवर वाळत घातले आणि खिडक्या घट्ट लावून वरणभात शिजवला. रोज सकाळी काचांवरून पाणी ओघळायचं. ऑगस्टमध्ये पलंगाखालची बॅग उघडली तर पैठणीच्या पदरावर काळे ठिपके. आता उठल्यावर पहिलं काम काचा पुसणं आणि दहा मिनिटं खिडक्या सताड उघडणं. बाहेर उणे तीन असलं तरी.

1 जुलै 2025 पासून भाड्याच्या प्रत्येक घरात मुख्य बैठकीची खोली 18 अंशांपर्यंत तापवू शकेल असा पक्का बसवलेला हीटर हवाच. झोपायच्या खोलीला हा नियम नाही, तेव्हा गोधडी आणा. लाकडाचा बर्नर असेल (आपल्या बंबाचा सुटाबुटातला भाऊ), तर लाकूड जानेवारी-फेब्रुवारीतच मागवा. मे महिन्यात शोधायला गेलात तर ओलं पदरात पडतं; त्याचा धूर होतो, ऊब नाही. ट्रक ते दारात ओतून जातो, रचायचं आपणच.

पैशांचं थोडक्यात: भाडं आठवड्याच्या हिशोबाने. आगाऊ दोन आठवड्यांचं, बॉण्ड (म्हणजे अनामत) जास्तीत जास्त चार आठवड्यांचा, आणि तो मालकाच्या खिशात नाही, सरकारी टेनन्सी सर्व्हिसेसकडे जमा होतो. किल्ली हातात आली की त्याच दिवशी भिंतींचे, गालिच्याचे फोटो काढा.

खरा गोंधळ होतो तो हॉटेलने दिलेल्या खोलीत. नोकरी सुटली की चौदा दिवसांच्या नोटिशीवर खोलीही जाऊ शकते, आणि व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला असला तर तिन्ही गोष्टी एकदम हलतात. तसंच, दुसऱ्या भाडेकरूकडून खोली घेतलीत तर भाडेकरूंचा कायदा तुम्हाला लागू होत नाही. मित्र असला तरी दोन ओळी लिहून, सही करून ठेवा. मराठी माणसाला याचा संकोच वाटतो, मलाही वाटला होता.

सामान गावात मिळतं, पण तूरडाळीसाठी इन्व्हरकार्गिल. दीडशे किलोमीटर. मोठं हॉस्पिटलही तिकडेच, त्यामुळे दाताची तपासणी आणि डाळ एकाच फेरीत उरकतो. हिवाळ्यात मिलफर्डच्या रस्त्याला लागणार असाल तर टायरच्या साखळ्या गाडीत हव्यातच. त्या चढवायची तालीम आधी अंगणात, कोरड्या हातांनी करा; होमर बोगद्याजवळ बर्फात बोटं वाकत नाहीत, आणि वर कीआ पोपट वायपरचं रबर उपटत बसलेले असतात.