फर्नच्या पानामागच्या पावडरीतून नवीन रोपं कशी करायची

पावसाळा सरत आला की विहिरीच्या आतल्या दगडांवर, जुन्या ओलसर भिंतींवर हंसराज हा फर्न छान वाढलेला असतो, त्याचं एक पान उलटं करून बघा. कडेकडेने तपकिरी पट्ट्या दिसतील. ती कीड नाहीये, त्यात बीजाणू आहेत. फर्नला फूल नाही, फळ नाही, बी पण नाही, सगळा वंश या बीजाणूंवर चालतो, म्हणून आख्खं झाड उपटून आणू नका प्लीज, एक पान पुरतं.

पट्ट्या हिरवट-पांढऱ्या असतील तर अजून कच्च्या, गडद तपकिरी झाल्या की पान तोडा. (नर्सरीतल्या बॉस्टन फर्नवर हे करू नका, त्याचे बीजाणू सहसा उगवत नाहीत, त्याचे धुमारे वेगळे करून लावा.) पान मागची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, पंखा बंद, एक-दोन दिवसांत बारीक पावडर पडते. त्याआधी एक तुकडा भिंगाखाली टेबललॅम्पच्या उबेत नक्की धरा, कारण इवल्या इवल्या पिशव्या सुकताना मागे वाकतात आणि फटकन पुढे येऊन बीजाणू भिरकावतात, अगदी गोफणीसारख्या!

आता झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर उकळतं पाणी ओता म्हणजे बुरशी मरेल. पूर्ण गार झालं की पावडर वरून चिमूटभरच भुरभुरवा, माती टाकून झाकू नका, बीजाणूंना उजेड लागतो. झाकण लावून खिडकीशी ठेवा, थेट ऊन नको.

काही आठवड्यांनी हिरवा थर येतो. मी पहिला डबा शेवाळ समजून फेकून दिला होता, अजून वाईट वाटतं, कारण थोडं थांबलं की त्यातूनच नखाहून लहान, बदामाच्या आकाराच्या हिरव्या चकत्या होतात. ती फर्नची मधली पिढी, स्वतंत्र रोपच ते. नर पेशी आणि स्त्रीपेशी तिच्याच खालच्या अंगाला तयार होतात आणि नर पेशी पाण्यातून पोहतच स्त्रीपेशीपर्यंत जातात, पाणी नसेल तर पुढे काहीच होत नाही, म्हणून इथे आळस नको, उकळून गार केलेल्या पाण्याचा बारीक फवारा अधूनमधून मारत राहा.

मग कधीतरी, कधी कधी तीन-चार महिन्यांनी, बदामाच्या खाचेजवळून पहिलं चिमुकलं पान वर येतं. तीन-चार पानं झाली की पुंजक्यापुंजक्याने छोट्या कुंडीत लावा, वर प्लास्टिकची पिशवी, आणि ती रोज थोडी थोडी जास्त वेळ उघडी ठेवा, एकदम काढलीत तर रोपं दुपारपर्यंत माना टाकतात.