सांगलीत बसून व्हीपीएनचा जोडधंदा: काय विकायचं आणि काय नाही

व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या कुलूपबंद खाजगी वाटेचा, साइड बिझनेस करायचाय म्हणून दोन-चार पोरांनी विचारलं, आणि सगळ्यांच्या डोक्यात तेच, ॲप काढायचं, महिन्याला ९९ रुपये घ्यायचे, हजार गिऱ्हाईकं झाली की एमआयडीसीतल्या नोकरीला रामराम. हे करू नका. अवघड आहे म्हणून नाही, सर्व्हर तर चहा गार व्हायच्या आत उभा राहतो. भानगड पुढं आहे.

२८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, आदेश काढला, त्यात व्हीपीएन विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन तपासून घ्यायचा, कशासाठी घेतलं, कुठला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिला हे लिहायचं आणि गिऱ्हाईक सोडून गेल्यावरही ५ वर्षं हे सगळं जपायचं. नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क या मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातले सर्व्हर हलवले. त्यांच्याकडं वकिलांची फौज, आपल्याकडं एक लॅपटॉप आणि इन्व्हर्टर. त्यात कुणा अनोळखी माणसानं तुमच्या सर्व्हरवरून कुणाला गंडवलं तर आयपी तुमचा दिसणार, मग पोलीस आधी कुणाच्या दारात येतील ते तुम्हीच बघा.

पण सर्ट-इनच्याच नंतरच्या खुलाशात आहे की कंपनीच्या आतल्या वापराच्या व्हीपीएनला गिऱ्हाइकांच्या नोंदीची ही अट लागू नाही. अट आहे ती आम पब्लिकला इंटरनेटचा आडोसा, म्हणजे स्वतःचा आयपी लपवायची सोय, विकणाऱ्याला. म्हणून आपण आडोसा विकायचा नाही, दुकान ते गोडाऊन ते घर अशी खाजगी वाट बांधून द्यायची. सांगलीत त्याचं गिऱ्हाईक भरपूर आहे.

कुठं? मार्केट यार्डात जावा. हळदीची अडत यार्डात, हिशोबाचं टॅली तिथल्या कॉम्प्युटरवर, गोडाऊन दुसरीकडं आणि शेठ संध्याकाळी विश्रामबागेत घरी. तासगावकडं बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत, मालकाला रात्री कॅमेरे बघायचे असतात. कुपवाडला कारखाना आणि ऑफिस वेगळं. यातल्या कुणाला व्हीपीएन हा शब्द सांगूच नका. एवढंच विचारायचं, "शेठ, घरून टॅली कसं बघता?" बऱ्याचदा उत्तर मिळतं की मागच्या कॉम्प्युटरवाल्यानं राउटरमध्ये कायतरी सेटिंग करून दिलंय. ते सेटिंग म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायचा, ३३८९ पोर्ट (दार) उघडा टाकलेला असतो, आणि फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे चोर याच दारानं आत येतात. हे समजावलं की काम मिळालं, मार्केटिंग वगैरे काही लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. सर्व्हर भाड्यानं घ्या, मुंबई किंवा बेंगळुरूतला, सगळ्यात लहान, महिना पाचशेच्या आसपास पडतो. मधे सर्व्हर कशाला असं गिऱ्हाईक विचारतंच, तर फायबरच्या घरगुती कनेक्शनला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, एक आयपी बऱ्याच घरांत वाटलेला असतो, बाहेरून थेट आत शिरताच येत नाही. म्हणून दोन्हीकडच्यांनी मधल्या सर्व्हरला फोन लावायचा आणि तिथं गाठ घालायची. आणि हा सर्व्हर गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच कार्डावर घ्या. आपण मालक नाही, आपण गवंडी. एकाच सर्व्हरवर दहा दुकानं कोंबायचा मोह होतो, पैसे वाचतात, पण एक फुटला की दहाही फुटले.

त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर टाका. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच (सर्व्हरच्या सिस्टिमच्या गाभ्यात) आहे, ओपनव्हीपीएन या जुन्या सॉफ्टवेअरपेक्षा सेटिंग निम्मं. यूडीपी ५१८२० पोर्ट उघडायचा, सर्व्हरच्या आतही आणि सर्व्हर देणाऱ्याच्या वेबसाइटवरच्या फायरवॉलमध्येही, कारण लोक दुसरं विसरतात आणि तासभर डोकं धरून बसतात. आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एकाकडून आलेलं दुसऱ्याकडं पाठवायची सोय, चालू करा. दुकानातला राउटर घरच्या डब्यासारखा असेल तर त्याच्या मागं मिक्रोटिकचा छोटा राउटर लावा, त्याच्या राउटरओएस ७ या सिस्टिममध्ये वायरगार्ड तयार मिळतं. किपअलाइव्ह, म्हणजे वाट जागी ठेवणारा छोटा निरोप, दर २५ सेकंदांचा टाका, नाहीतर थोड्या वेळानं वाट आपोआप बुजते.

सगळ्यात महत्त्वाची ओळ अलाउड आयपीजची, म्हणजे कुठल्या पत्त्यांची ये-जा व्हीपीएनमधून होणार त्याची. तिथं बरेचजण नेटवरून कॉपी करून सगळे शून्य टाकतात, म्हणजे शेठच्या मोबाइलचं सगळंच इंटरनेट, यूट्यूबपासून बँकेपर्यंत, त्या सर्व्हरवरून जाणार. वेग पडतो, आणि आपण जो आडोसा विकायचा नाही म्हटलं तोच विकून बसतो. तिथं फक्त दुकानाचं नेटवर्क लिहा, बाकीचं इंटरनेट आपल्या वाटेनं जाऊ दे.

त्या नेटवर्कचे आकडेही आधी बदला. दुकानात १९२.१६८.१, शेठच्या घरीही १९२.१६८.१, मग मोबाइलला कळेना टॅली घरात शोधू की यार्डात. मी दुकानाला १०.४७.१ असलं काहीतरी आडवंतिडवं देतो. फक्त आकडे बदलले की प्रिंटर आणि कॅमेऱ्याचे आयपीही बदलायला लागतात, ते काम पावतीत वेगळं लावा.

मोबाइलवर वायरगार्डचं ॲप, त्यात सेटिंगचा क्यूआर स्कॅन केला की झालं. इथं मी एकदा माती खाल्ली. घाईत क्यूआरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, शेठनी तो मुनीमजींना पाठवला, मुनीमजींनी पोराला. तिघांच्या फोनवर एकच की (डिजिटल किल्ली), एक जोडला की दुसरा तुटायचा, आणि मी दोन दिवस नेटवाल्याला शिव्या घालतोय. त्या क्यूआरमध्ये खाजगी की असते, म्हणजे दुकानाची किल्लीच. तेव्हापासून समोर बसून स्कॅन करतो, एका डिव्हाइसला एक की, आणि वहीत लिहितो: कुणाचा फोन, कुठला आयपी, कधी दिला, कधी काढला.

राउटरऐवजी स्वस्तात रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर लावणार असाल तर आणखी एक गंमत. जुन्या मॉडेलांत लाइट गेल्यावरही चालणारं घड्याळच नसतं. लाइट जाऊन आली की घड्याळ मागं पडतं, मागची वेळ पडलेला निरोप वायरगार्डला जुना वाटतो आणि सर्व्हर तो फेकून देतो. घड्याळ जुळेपर्यंत वाट बंद, म्हणून वेळ मिळवायची सोय व्हीपीएनमधून नको, साध्या इंटरनेटवरून ठेवा.

पैशाचं सांगतो. मी बसवायचे चार हजार घेतो आणि महिना चारशे. महिन्याच्या चारशेत अपडेट, वहीप्रमाणे की तपासणं आणि मुख्य म्हणजे फोन उचलणं, हळदीचा सीझन चालू असताना रात्री दहालाही उचलणं. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारण जीएसटी नोंदणी लागत नाही, तरी सीएला विचारूनच घ्या. गिऱ्हाइकाशी एक पानाचा करार करा, त्यात हे व्हीपीएन फक्त त्याच्याच धंद्याच्या वापरासाठी आहे असं स्पष्ट लिहा. सर्व्हरचे लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचं सर्ट-इनच्या त्याच आदेशात आहे, जागा फार लागत नाही, ठेवा.

आणि शेठना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, माणूस काम सोडून गेला तर आधी मला फोन करा, मग हिशोब करा. त्याची की काढायला मला दोन मिनिटं लागतात, पण तो गेलाय हेच मला महिनाभर कळत नाही.