जिप्सम बोर्डचं पार्टिशन करताय? जॉइंट नीट भरा

गोव्याच्या हवेत जिप्सम बोर्ड टिकत नाही असं सगळे सांगतात, ते खरं नाही. बोर्ड टिकतो, दोन बोर्डांमधले जॉइंट फुटतात.

सांगाडा सोपा. खाली-वर जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचे) चॅनेल, 600 मिमीवर उभे स्टड म्हणजे पत्र्याचेच खांब, त्यावर 12.5 मिमीचा बोर्ड, जमिनीपासून 10 मिमी वर, नाहीतर लादी पुसताना खालची कड पाणी ओढते. बाथरूमलगत हिरवा बोर्ड घ्या, पण तो दमट हवा सोसतो, गळती नाही, त्यामुळे चिऱ्याच्या भिंतीला ओल असेल तर आधी ती बंद करा. स्क्रूचं डोकं जरासं आत, कागद न फाडता.

आता जॉइंट. फोंड्याला मी पहिलं पार्टिशन केलं ते भर जुलैत, चवथीआधी रंग व्हायला हवा होता, पेंटर म्हणाला वॉल पुट्टीच भरूया, तेच असतं, आणि मी ऐकलं. डिसेंबरात प्रत्येक जॉइंटवर वरपासून खालपर्यंत चीर. तेच नसतं ते! वॉल पुट्टी सिमेंटची, कडक असते, बोर्ड किंचित हलला की तडकते. जॉइंटिंग कंपाउंडच आणा, म्हणजे बोर्डच्या फटींसाठीच असलेला भराव, आणि सोबत पेपर टेप. जाळीची टेप चिकटवायला सोपी म्हणून देतील, पण साध्या कंपाउंडखाली मी ती वापरत नाही, पेपर टेप ताण जास्त धरते.

आधी फटीत कंपाउंड दाबून भरा, वर पातळ थर द्या, तो ओला असतानाच टेप ठेवा आणि पुट्टीच्या पत्तीने मधून बाहेर दाबत जा. टेपखाली थोडा कंपाउंड राहायलाच हवा, सगळा निपटून काढलात तर टेप कोरडी राहते आणि फुगा येतो. फुगा आला तर तेवढा तुकडा कापून पुन्हा करा, वरून थर मारून लपवू नका, रंगानंतर तो दिसतोच.

मग वाळू द्या, खरंच वाळू द्या. उन्हाळ्यात मी एक दिवस थांबतो, पावसात दोन, कधी तीन, खिडक्या बंद करून पंखा लावून. रंग गडद दिसतोय तोवर आत ओलच आहे, त्यावर दुसरा थर दिला की तो नंतर बसतो आणि खळगा पडतो. दुसरा थर पहिल्यापेक्षा रुंद, तिसरा त्याहून रुंद. जिथे बोर्ड कापून जोडलाय तिथे कडेला बोर्डच्या मूळ लांब कडेसारखा उतार नसतो, तिथे दीड फुटापर्यंत पसरवा, नाहीतर उंचवटा दिसेल.

शेवटी बारीक पॉलिश पेपर, तोंडाला मास्क, आणि रात्री टॉर्च भिंतीला टेकवून आडवा उजेड टाका. जिथे सावली पडेल तिथे पुन्हा हात मारा. प्राइमर त्यानंतरच.